झेंडूच्या पाकळीवर चाललेला टर्बो

माझ्या सासऱ्यांची गाडी मी दुरुस्तीला घेतली, तेव्हा ती उत्तम चालत होती.

नाना, म्हणजे माझे सासरे, सदाशिव पेठेत राहतात. त्यांचं लायसन्स दसऱ्यानंतर संपणार होतं आणि नजर अधू झाल्यामुळे ते पुन्हा काढायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. दसऱ्याला सासूबाईंना, म्हणजे माईंना, शेजारी बसवून शेवटची फेरी मारायची आणि किल्ली ठेवून द्यायची. ही फेरी दिमाखात व्हावी म्हणून मी गाडी कर्वेनगरला आमच्या सोसायटीत आणली, इंजिन उतरवलं, नव्याने बांधलं आणि त्यात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवला. (मी संगणकाच्या कंपनीत कामाला आहे. हे आधी सांगायला हवं होतं.)

गाडी पळायची झकास. उभी राहिली की मात्र हिवताप भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. नानांची परीक्षा साधी होती. चालू गाडीच्या टपावर चहाचा भरलेला कप ठेवायचा.

कप ठेवला. बशीत चहा, टपावर चहा, माझ्या शर्टावर चहा.

"पूर्वी सायसुद्धा हलायची नाही," नाना म्हणाले. "प्रगती आहे."

मी प्लग बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला. थरथर तशीच. जुळणीनंतर काही बारीक वस्तू उरल्या होत्या, त्या माझ्या बायकोने, मेधाने, वाटीत घालून ठेवल्या होत्या. "कंपनीवाले उगाच जास्तीचं घालतात," असं मी तिला समजावलं होतं.

दसऱ्याला नाना-माई सकाळीच आमच्याकडे आले होते. इंजिन पुन्हा उघडायचं ठरवून मी पाने घ्यायला गेलो, तर माझे सगळे पाने पाटावर मांडलेले! प्रत्येकाला हळदकुंकू, आणि शेजारी ती वाटी.

"माई, दोनच पाने द्या."

"आज शस्त्रांची पूजा, सुधीरराव. पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नाही."

मला खरोखर रडू येत होतं. नाना नवा शर्ट घालून आले होते. खाली जाऊन मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, ते थरथरायला लागलं. माईंनी त्याच्यावर अक्षता आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्या वाहिल्या.

आणि इंजिन शांत झालं. नानांनी कप मागवला. चहा हलला नाही.

मी वाकून पाहिलं. हवेच्या नळीला एक बारीक तोटी होती, तिच्या उघड्या तोंडाने एक पाकळी ओढून घेतली होती. तिथून नको ती हवा आत जात होती. त्या तोटीच्या मापाचं रबरी टोपण मी कुठेतरी पाहिलं होतं. वर, वाटीत. कुंकू लावलेलं.

"माई, फक्त टोपण..."

"उद्या."

चिकटपट्टी लावून पाहिली. नानांनी रेस दिली, टर्बोने ती उडवून लावली. पाकळीही उडायची, पण पाकळ्या भरपूर होत्या.

अशी आमची फेरी निघाली. नाना चालवत, शेजारी माई, मागे मेधा आणि झेंडूची परडी मांडीवर घेतलेला मी. प्रत्येक सिग्नलला गाडी थरथरायला लागली की मी उतरायचो, बॉनेट उघडायचो, पाकळी वाहायचो आणि धावत आत बसायचो. शेजारच्या स्कूटरवरच्या एका बाईंनी हात जोडले.

"नवस आहे का?" त्यांनी विचारलं.

"जावई आहे," नाना म्हणाले.

पेठेत पोचल्यावर नानांनी गाडी अलगद लावली आणि थोडा वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत बसून राहिले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"मजा आली," नाना म्हणाले. "इतक्या वेळा पूजा झालेली गाडी पुण्यात दुसरी नसेल."

दुसऱ्या दिवशी टोपण मिळालं. गाडी आता सुरळीत चालते. पाने मात्र अजून पाटावरच आहेत. मागितले की माई सांगतात, उत्तरपूजा व्हायची आहे. या गोष्टीला आता तीन दसरे झाले.