फक्त ह्यांच्याच हातात फिरणारी खुट्टी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. वाडीत कुणाच्या अंगात आलं की शेजारणी धावत जातात, मी तेवढ्यात माझी भांडी घासून घेते. तेव्हा वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मलाही हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

आमची शेड मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, आत एक जुना लेथ. बंदुका दुरुस्त करायचं लायसन ह्यांच्या आजोबांपासून आहे. डुकरं-वानरं हाकलायला बागायतदारांकडे ठासणीच्या बंदुका असतात, त्या बिघडल्या की आमच्याकडे येतात. ह्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं हत्यार आधी जुन्या टायरला बांधायचं, दोरी लावायची आणि भिंतीआडून ओढायची. पहिला बार हातात धरून कधीच काढायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक साहेब आले. जुन्या हत्यारांचा शौक असलेले. कागदपत्रं सगळी आहेत म्हणाले, आणि पिशवीतून चकमकीचं एक पिस्तूल काढलं. ह्यांचे डोळेच चमकले. तसलं पिस्तूल एका बाराचं असतं, पण हे पुन्हा पुन्हा उडणारं होतं. मुठीत दोन कप्पे, एकात दारू आणि एकात गोळ्या. बाजूची खुट्टी फिरवली की आतला आडवा पितळी तुकडा फिरतो, आणि एक गोळी नि मापाची दारू नळीत जाते.

"केसाएवढी फट राहिली ना, तर नळीतली आग मागे मुठीतल्या दारूत," हे मला म्हणाले. "म्हणजे हातातच बॉम्ब. तरी त्या काळच्या कारागिरांनी नुसत्या कानशीने बसवलंय गो हे. दिव्याची काजळी लावायची, फिरवून बघायचं, जिथे पुसली जाईल तिथे घासायचं..."

पण खुट्टी फिरेना. साहेबांनी जोर लावला, घामाघूम झाले. मी लावला. ठार अडकलेली. ह्यांनी नुसता अंगठा टेकवला, आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. पिस्तूल परत साहेबांच्या हातात दिलं, खुट्टी परत अडकली. आम्ही सगळं खोलून बघितलं. गंज नाही, कचरा नाही, काही म्हणजे काही नाही. माझा भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणाला हाताच्या उबेने धातू फुगतो. मग माझे हात काय बर्फाचे होते?

साहेबांना बार उडतानाचा व्हिडिओ हवा होता. "मिस्त्री, माझ्या हातात तर ते फिरतच नाही. तुम्हीच उडवा," म्हणाले.

मी टायर ओढत आणला. हे म्हणाले, "नको गो. खुट्टी बघ किती गोड फिरते. काजळीने तपासलंय मी, फट नाही." आयुष्यभर पाळलेला नियम ह्या माणसाने त्या गोडीपायी सोडला. पहिला बार नीट गेला. दुसऱ्याला पिस्तुलाची मूठ हातातच फुटली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. मुठीच्या लाकडाच्या ठिकऱ्या झाल्या, पण पितळ आणि लोखंड जसंच्या तसं. साहेबांना साधा ओरखडा नाही. त्यांनी फडक्यात गुंडाळून पिस्तूल आधी गाडीत ठेवलं, मग विचारलं, "वहिनी, दवाखाना कुठे?"

ते मी विसरणार नाही.

पुढे कित्येक महिने हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डावा हात धड होता, पण चमचासुद्धा धरायचे नाहीत. "मेलेलं बरं," म्हणायचे. मी भरवायचे, तेव्हा दोन घास जायचे.

आणि या दिवाळीनंतर साहेब परत आले! तेच पिस्तूल घेऊन. पुण्यात, मुंबईत दाखवलं, कुणाच्या हातून खुट्टी हलत नाही, म्हणाले. मी दारातच आडवी उभी राहिले. "साहेब, लाज वाटत नाही तुम्हाला?" असं तोंडावर विचारलं.

आतून हे उठून आले. मला बाजूला सारलं आणि डाव्या हाताचा अंगठा खुट्टीला लावला. फिरली. पहिल्यासारखीच, आवाजसुद्धा न करता. आणि हा माणूस हसला. अपघातानंतर पहिल्यांदा.

का फिरते, मला माहीत नाही. कुणी म्हणतं, पिस्तूल घडवणाऱ्या कारागिराने ह्या कारागिराचा हात ओळखला. ओळखला असेल तर तो तोडला कशाला? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "त्याची चूक नाही गो." मग कुणाची, ते सांगत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, पण हाताची ऊब वगैरे नको.

पिस्तूल सध्या आमच्याच शेडमध्ये आहे. त्याला नवीन मूठ करायची आहे, म्हणून हे सकाळपासून बसून डाव्या हाताने कानस धरायला शिकतायत. जेवायला मात्र अजून मीच भरवते.