काळ्या पानांचं झाड

अंगण झाडताना आज खराट्यात हिरव्या शेडनेटची एक चिंधी अडकली, आणि लग्न होऊन केंदूरला आले ते वर्ष आठवलं. शिरूरच्या नर्सरीतून मी शोभेचं एक झुडूप आणून दारात लावलं होतं. पानं काळपट जांभळी, उन्हात वांग्यासारखी चकाकणारी. पुढं बाळंतपणाला दौंडला माहेरी गेले, आणि झाड सासऱ्यांच्या नजरेत आलं. जन्मभर कांदा-मका केलेला माणूस. पान जांभळं पडलं म्हणजे पिकाला काहीतरी कमी पडलंय, एवढंच त्यांना ठाऊक. लेकीला घेऊन परतले, तर झाडावर शेडनेटचा मांडव, बुडाशी युरिया, आणि सावलीत पानं सगळी हिरवीगार. माझा जीव नुसता चडफडला. ते मात्र खुशीत म्हणाले, "लई आजारी व्हतं गं. म्हटलं, तू यायच्या आत बरं व्हायला पायजे." "व्हय आबा, बरं झालं," मी म्हणाले, आणि मांडव तसाच राहू दिला. आता आबा नाहीत. जाळी विरली, ऊन लागलं, पानं पुन्हा काळीशार झाली, मी आणली होती तश्शी. येणारे-जाणारे कौतुकानं फांदी मागतात. मला मात्र ते झाड आजारी दिसतं.