गप्प माणसाचं दाकोर

चेन ताणून झाली होती, माणसं जागेवर होती, आणि फ्रेंच साहेब काही उचलू देईना.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मी खलाशांचा मुकादम होतो. खलाशी म्हणजे जहाजावरचे नव्हेत. अवजड यंत्रं उचलून जागेवर बसवणारी माणसं. मी चौथी शिकलेला, बाकीचं चेनपुलीनं शिकवलं. त्या दिवशी टर्बाइनचा रोटर बसवायचा होता. टर्बाइन वाफेवर फिरून वीज करतं, त्यातला फिरणारा जाड दांडा म्हणजे रोटर. मशीन फ्रान्सचं, म्हणून बसवून द्यायला साहेबही तिकडचा.

त्याची एक खोड होती. कुठलंही काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना गोळा करून विचारायचा, "ओं ने दाकोर?"

पुण्याहून आलेले दुभाषी कुलकर्णी म्हणाले, "म्हणजे, आपलं सगळ्यांचं ठरलं ना? तिकडे रोजच्या बोलण्यात असंच विचारतात. 'तुम्हाला कळलं का' असं नाही, 'आपलं'. त्यात तो स्वतःही आला."

उत्तर मी द्यायचो. "दाकोर, साहेब." मुकादम बोलला की गँग बोलली, अशी आमच्याकडची रीत.

त्या दिवशीही मी दाकोर म्हणालो. साहेब मात्र चेन धरून उभ्या असलेल्या, आमच्या गँगमधल्या दस्तगीरकडे बघत राहिला. म्हणाला, "तू ल मोंद?"

"सगळ्यांचं का, विचारतोय," कुलकर्णी म्हणाले.

आमचे चीफ इंजिनियर घड्याळ बघत होते. गळिताचा मुहूर्त चार दिवसांवर आलेला. "मुकादम, आटपा."

"दस्तगीर, व्हय म्हण की रं," मी म्हणालो.

"तुमी म्हणलाय न्हवं."

"सायेब तुला इचारतोय."

"मग खरं सांगू? मला न्हाई पटत. काल नुसती चेन वढली तर वरचा गर्डर कुरकुरला."

गर्डर म्हणजे ज्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगलेली, ती.

"आन् हे काल का न्हाई बोललास?"

"तुमीच म्हणलाय, दस्तगीर, तू चेन वढ, डोकं मी लावतो."

म्हणालो होतो. गँग हसली नाही, तेवढं बरं. त्याहून वाईट म्हणजे सकाळी साहेबाने विचारलं तेव्हा गर्डर तपासला म्हणून मी सांगितलं होतं, आणि तपासला होता खालूनच, मान वर करून.

शिडी लावून चढलो. टोकाच्या चार बोल्टांपैकी एकाचे आटे गेलेले, दुसरा नुसत्या बोटांनी फिरत होता. रोटर उचलल्यावर खाली उभा राहून, त्याला हात लावून वाट दाखवणारा मीच असणार होतो.

खाली आलो आणि चीफसाहेबांना सांगितलं, "चूक माझी हाय." दोन दिवस बोल्टांत गेले. तिसऱ्या दिवशी साहेबाने परत विचारलं. एकेकानं आपापल्या तोंडानं दाकोर म्हटलं, शेवटी दस्तगीरनं. मग मी 'हबेस' ओरडलो, म्हणजे वर घ्या. रोटर बसला. मुहूर्तही साधला.

संध्याकाळी घरी गेलो. थोरलीसाठी लोणंदचं स्थळ आलं होतं, मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. जेवताना बायकोला विचारलं, "मला पसंत हाय. तुझं काय?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "आवं, ताप आलाय का तुमाला?"

लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि असं मी पहिल्यांदाच विचारत होतो. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला इचारलंत, आता पोरीलाबी इचारा."

गप्प बसलेल्या माणसाचं दाकोर धरू नये, एवढंच मी त्या साहेबाकडून शिकलो. पुढं रिटायर होईपर्यंत नाव घेऊन एकेकाला विचारलं, मगच हबेस म्हटलं. घरात बायकोलाही विचारत राहिलो. निम्म्या वेळा ती नाहीच म्हणायची.

तिला जाऊन आता वर्ष होईल. घरात मी म्हणेन तेच ठरतं, आडवं बोलायला कोणी नाही. कुठला बोल्ट ढिला आहे, ते कळत नाही.