मी बंद केलेलं औषध

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे दोन किडन्या, दोन नळ्या आणि खाली मूत्राशय काढलं. डाव्या नळीवर उलटा बाण मारला. "लघवी खाली यायच्या ऐवजी परत वर किडनीकडे जाते. व्हेसिकोयुरेटरल रिफ्लक्स. जन्मापासूनच आहे."

माझी यशू आठ महिन्यांची होती. मांडीवर बसून तोच कागद ओढत होती.

तोवर तिला तीनदा ताप आला होता. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता कडक ताप. आमच्या राहाता गावात सगळे म्हणाले, दात येतायत. मीही मानलं. तुमच्या बाळाला असा कारणाशिवाय ताप आला, तर लघवी तपासून घ्या.

तिसऱ्या तापात लघवीत जंतुसंसर्ग सापडला, म्हणून नगरला एमसीयू तपासणी झाली होती. मूत्राशयात बारीक नळीतून औषध सोडून एक्स-रे काढतात. यशूचे पाय मी धरले होते. ती रडत माझ्याकडेच बघत होती, नर्सकडे नाही.

"वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं हे सुधारतं. तोवर पुन्हा जंतुसंसर्ग होऊ न देता किडनी वाचवायची," असं सांगून बाईंनी अँटिबायोटिकचा अगदी लहान डोस रोज संध्याकाळी द्यायला सांगितला.

माझे बाबा पत्रकं छापून वाटायचे. त्यांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. आदल्याच वर्षी मी स्वतः एक लिहिलं होतं, 'उठसूट अँटिबायोटिक नको'. सर्दीला सुई टोचणाऱ्यांवर त्यात तुटून पडले होते. आठवडे बाजारात उभी राहून वाटलं होतं. आणि आता माझ्याच घरात, हसत्याखेळत्या पोरीला रोज तेच औषध! अडीच महिने दिलं. ताप नाही. मग कुणाला न विचारता बंद केलं. तत्त्व म्हणून.

अठराव्या दिवशी यशू तापानं फणफणली. उलट्या सुरू झाल्या. माझ्या आईनं औषधाची बाटली उचलून उजेडात धरली. "ही तर निम्मी हाय. कवापासून दिलं न्हाई?"

मी सांगितलं.

"व्हय गं. तुझ्या पत्रकाला ताप येत न्हाई. पोरीला येतो."

नगरपर्यंत गाडीत मी यशूचा लंगोट चाचपत होते. कोरडा. पुन्हा चाचपायचा. कोरडाच.

रक्तात क्रिएटिनिन वाढलं होतं. किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात साचली की हा आकडा चढतो. चौथ्या दिवशी तो उतरला. तोवर मी रिपोर्ट आणणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचत होते.

डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुमचं पत्रक बरोबर आहे, पण सर्दीसाठी. यशूला सर्दी नव्हती. पटलं नव्हतं तर माझ्याशी भांडायचं होतं. भांडता येतं ना?"

"लई येतं," आई मागून म्हणाली. "घरात रोज तेच करती."

सहा महिन्यांनी पुण्यात डीएमएसए स्कॅन झाला. किडनीचा कोणता भाग काम करतो, ते त्यात दिसतं. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला व्रण आहे. तो जाणार नाही. आधीच्या तापांचा की माझ्या अठरा दिवसांचा, ते सांगता येत नाही म्हणे. बाकी किडनी चालू आहे. उजवी चांगली आहे. व्रणामुळे वाढू शकतो, म्हणून रक्तदाब मात्र कायम तपासत राहायचा.

पत्रक मी मागे घेतलेलं नाही. खाली दोन ओळी वाढवल्यात: 'मुलाला रोज द्यायला सांगितलेलं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मी केलं होतं.' त्याखाली माझं नाव.

यशू आता सव्वादोन वर्षांची आहे. संध्याकाळी बाटली हलवली की धावत येऊन आ करते. मी आधी तिच्या कपाळाला हात लावते. गार असलं, तरी पुन्हा लावते.