मामांचे राखीव बाक

रिकामं चर्च भरलेलं आहे असं मानून वागणारा माणूस अख्ख्या धरणगावात एकच आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी मुलं पुण्या-नाशिकला गेली, काही म्हातारे देवाघरी गेले, उरलेल्यांतले बरेच जण रविवारची उपासना अंथरुणात लोळत मोबाईलवर बघतात. मामांच्या लेखी यातलं काहीच घडलेलं नाही. प्रत्येक घराण्याचं बाक त्यांच्या डोक्यात ठरलेलं आहे आणि त्यावर दुसरं कुणी बसलं की मामा उठवतात. त्यामुळे आम्ही मूठभर माणसं एवढ्या मोठ्या चर्चमध्ये कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरलेलो असतो आणि उपदेश करताना आमच्या तरुण पाळकांची मान टेबलफॅनसारखी फिरत असते.

एकदा नाशिकहून पाहुणे उपदेशक आले होते. 'निरोगी मंडळी' हा त्यांचा विषय. सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांना पुढे येऊन एकत्र बसायला सांगितलं. कुणी हललं नाही. सगळे मामांकडे बघत राहिले. मामा उभे राहून अदबीने म्हणाले, "साहेब, ज्यानात्याना बाक ठरेल शे." एवढ्यावर न थांबता त्यांनी पाहुण्यांच्या बायकोलाही उठवलं, कारण त्या सुरतेला गेलेल्या कुणाच्या तरी जागेवर बसल्या होत्या. हे हसण्यावारी गेलं. पण गावात बदलून आलेली एक नर्स लागोपाठ दोन रविवार उठवली गेली आणि तिसऱ्या रविवारी आलीच नाही, तेव्हा पाळकांचा धीर सुटला. "मामा, तुम्ही चर्च राखताय की रिकामं करताय? नवं माणूस टिकलं नाही तर इथे कुलूप लागेल," ते म्हणाले. मला पाळकांचं म्हणणं पटलं होतं, पण सासरचा मामला म्हणून मी गप्प बसलो.

कापसाच्या वेचणीला सातपुड्यातून मजूर आले. त्यातली एक ख्रिस्ती बाई तान्हं मूल घेऊन चर्चमध्ये आली आणि खिडकीपाशी बसली. ती जागा मामींची. मामी गेल्यापासून तिथे कुणी बसायची हिंमत केली नव्हती. मामा उठून तिच्याजवळ गेले. पाळक प्रार्थना मधेच थांबवून बघू लागले. बाईने घाबरून पिशवी उचलली. "दुसरीकडे बसू का, बाबा?"

मामा जरा वेळ त्या मुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बाई. आठे वारा चांगला येस."

एरवी मामांचं बेसूर गाणं पेटीलाही दाबून टाकतं. त्या दिवशी ते गायलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

वेचणी संपेपर्यंत ती बाई दर रविवारी आली. मग मजूर डोंगरात परतले. परवा मला उशीर झाला म्हणून मी खिडकीपाशीच टेकलो, तर खांद्यावर मामांचा हात.

"उठा, जवाईबापू. ती बाई येई."

"मामा, कापूस संपला. ते लोक गेले."

"मग काय व्हयनं? पुढली वेचणीले येई."

मामींचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मुकाट्याने उठलो. सगळं चर्च मोकळं होतं, पण कुठे बसावं ते मला चटकन सुचेना.