ज्याचा स्लॅब, त्याचा नारळ

ओव्हरसियरचा कोर्स पास होऊनही एका कंत्राटदाराच्या दादरच्या ऑफिसात मी दुसऱ्यांचे नकाशे ट्रेस करत बसले होते. साइटवर पाठवा म्हणून मालकांचं इतकं डोकं खाल्लं, की एकदा ते वैतागून म्हणाले, "एक स्लॅब अंगावर घेऊन दाखवा, मग देतो साइट." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं.

संधी आली ती लालबागला, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. एका शाळेचा वरचा स्लॅब टाकायचा होता आणि नकाशे पोचवायला मी सकाळीच तिथे गेले होते. मजूर साइटवरच राहणारे, त्यामुळे हजर. भाड्याचा मिक्सरही आलेला. फक्त इंजिनियरसाहेब गिरगावात अडकले होते. तिकडे मोर्चामुळे ट्रामही बंद आणि रस्तेही. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही आणि उशिरा सुरू केला तर अंधार गाठतो. मी फळ्यांवर येरझारा घालत होते. शेवटी राहवेना. म्हटलं, "सुरू करा."

कोणी हललं नाही. आमच्या धंद्यात काँक्रीटचा पहिला माल पडण्याआधी नारळ फुटतो आणि ज्याच्या अंगावर स्लॅब, त्यानेच तो फोडायचा असतो. मालवणी मुकादम नारळ काखेत धरून उभा होता.

"बाईनू, बायलमाणसान नारळ फोडूचो नसता. सायबांका येवंदेत."

"मग तुम्ही फोडा."

"मी? फुडे काय झाला तर माज्या बोडक्यार!"

सेंटरिंगच्या फळ्या-टेकू बसवणारा सुतार किरिस्ताव होता. मुकादमाने नारळ त्याच्यापुढे धरला. "तू फोड रे. तू निदान बाप्यो तरी आसस."

सुतार हसला. "आपल्याला नको. स्लॅब बाईंचा हाय."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे दुसऱ्या देवाचा माणूस चालत होता, बाई चालत नव्हती! घमेली वाहायला बायका, मोर्चात पुढे चालायला बायका, आणि नारळ आला की आम्ही अपशकुनी. मी तो हिसकावला आणि विटेवर आपटला. फुटला नाही मेला. दुसऱ्या फटक्याला फुटला, पाणी सगळं माझ्या पातळावर उडालं आणि घमेल्यांच्या रांगेत बायका खो-खो हसल्या. मग रांग चालू लागली.

दिवसभर मी टेकले नाही. सळई कुठे सरकते, टेकू कुठे दबतो, जीव नुसता वरखाली होत होता. ऊन कलताना शेवटचं घमेलं पडलं आणि तेवढ्यात मालक दादरहून चालत येऊन पोचले. घामाघूम होते. वर येऊन त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"साहेब नाहीत, मग नारळ कोणी फोडला?"

मी तोंड उघडायच्या आत मुकादम म्हणाला, "मी फोडलंय."

बाईने फोडल्याचं कळलं तर मला बोलणी बसतील, म्हणून बिचारा पाठीशी घालत होता. सकाळी जो फोडायला धजला नाही, तो नारळ आता स्लॅब धड झाल्यावर त्याचा झाला. मालकांचा चेहरा खुलला. "शाबास! म्हणजे स्लॅब तुम्ही टाकलात."

माझा अख्खा दिवस गेला की हो त्याच्या खिशात! गप्प बसले असते तर कोणाचंच काही बिघडलं नसतं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ट्रेसिंगला बसले असते.

"नारळ मी फोडला," मी म्हणाले.

मालकांनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"आणि टेकू काढल्यावर स्लॅब खाली आला तर?"

"तर माझ्या अंगावर."

ते ओल्या स्लॅबच्या कडेकडेने एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "उद्यापासून ऑफिसात येऊ नका."

जिना उतरता उतरता ते वळले.

"बघता काय? सकाळी स्लॅबवर पाणी मारायचंय, ते कोण करून घेणार?"