एकाच वायरीचा भरवसा

श्रीपत गजभियेला वायरीतलं कुणी शिकवायला गेलं की त्याचं टाळकंच सरकायचं. अहो, बावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली! भंडाऱ्याचा माणूस, लखनौला येऊन अलीगंजच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, आणि जन्मभर काम केलं ते एकच. कुणाच्या फोनवर आवाज येत नसेल तर तो आणून द्यायचा. खांबावर चढून, पेटी उघडून, वायर चाचपून तो आवाज आणायचाच. त्यामुळे वायर आपली ऐकते, असा त्याचा समज झालेला होता.

त्याची बायको बेबी गाणारी. शिकलेली नव्हे, गाणारी. चौदा एप्रिलला जानकीपुरमपासून चिनहटपर्यंतची आपली माणसं जयंतीला जमायची, आणि बेबीने स्वतः रचलेला पाळणा ऐकल्याशिवाय एकही बाई मंडपातून उठायची नाही. साथीला श्रीपतचा सिंथेसायझर. लोक तिच्यासाठी यायचे आणि हा गडी समजायचा, आपल्या वाजवण्यासाठी येतात. बेबी त्याला तसं समजू द्यायची.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात बेबीच्या गळ्यातली गाठ वाईट निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनसाठी पुढच्या सोमवारी दाखल व्हायचं, आणि तोवर गळ्याला जितका आराम देता येईल तितका द्या.

घरी आल्यावर बेबी रडली नाही. म्हणाली, "पाळणा तेवढा राहायला पाहिजे जी. भावनाच्या लेकराला ऐकवीन म्हटलं होतं." भावना त्यांची एकुलती मुलगी, बारावीतली. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडत होती, हे दोघांनाही ऐकू येत होतं.

आता साधी गोष्ट होती हो! कपाटावर टेपरेकॉर्डर होता. लाल बटण दाबायचं, बेबीने गायचं, संपलं. बेबी म्हणालीसुद्धा, "टेपवर घ्या ना. काहून एवढा खटाटोप?" पण श्रीपतच्या मनात टेपबद्दल राग होता. तिच्या पाळण्याची एकुलती एक कॅसेट गेल्या पावसाळ्यात बुरशी धरून चिकटली, आणि सोडवता सोडवता त्याच्याच हातून तुटली होती. "टेपचा काय भरवसा? कंप्युटरमध्ये घालू. जन्मभर हलणार नाही."

कंप्युटर भावनाच्या क्लाससाठी घेतलेला, जुना. सिंथेसायझर त्याला जोडायची वायर आणायला श्रीपत बाजारात जगदीशच्या वाद्यांच्या दुकानात गेला. जगदीशने एक वायर दिली. तिचं एक तोंड कंप्युटरच्या मागे लागायचं आणि दुसरीकडच्या दोन गोल पिना सिंथेसायझरच्या पाठीत. मग तो म्हणाला, "भाईसाहब, गाना भी है तो मायक के लिए अलग तार ले जाइए."

झालं! श्रीपतला वाटलं, हा आपल्याला गिऱ्हाईक समजतोय. मायक सिंथेसायझरच्याच पाठीत लागतो, आवाज त्याच्याच स्पीकरमधून येतो, म्हणजे आवाज आत गेलेलाच आहे. आत गेलेला आवाज वायरीतून बाहेर पडणार नाही तर जाईल कुठे? "हम टेलिफोन के आदमी हैं," असं ऐकवून तो एकच वायर घेऊन निघाला. जगदीशने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी त्याने जोडणी करून पाहिली. दोन मिनिटं वाजवलं, हात काढून घेतले, कंप्युटरला सांगितलं, ऐकव. आणि बापा! पट्ट्यांना कुणी हात न लावता सिंथेसायझर जसाच्या तसा वाजला. श्रीपतचे डोळे भरून आले. बेबीला गायला लावून बघावं, असं एकदा मनात आलं. पण ती एकदाच गाऊ शकणार होती. ते एकदा चाचणीवर कसं घालवायचं?

सोमवारी सकाळी बेबी न्हाऊन, पांढरी साडी नेसून मायकपुढे बसली. गळ्यात दुखत होतं तरी पाच कडवी गायली. तिसऱ्या कडव्यात खोकला आला. श्रीपत चार मात्रा थांबला, तिने मानेने खूण केली, तो पुढे निघाला. शेवटचा सूर तिने धरला तो धरलाच. भावना दारात उभी होती. "हो गया, पापा?" श्रीपतने फाईल सांभाळून ठेवली. "ऐकतेस का?" त्याने विचारलं. खाली दवाखान्यात न्यायला आलेला ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. बेबी म्हणाली, "आल्यावर ऐकू." घरात तिने बोललेले शेवटचे शब्द हेच.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. गळ्याला भोक, त्यात नळी, हातात भावनाची जुनी पाटी. चहासुद्धा घेतला नाही, कंप्युटरकडे बोट केलं. श्रीपतने तिला खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

सुरुवातीचं वाजलं. छान वाजलं. बेबी मांडीवर ताल धरून आपल्या आवाजाची वाट बघत होती. पहिलं कडवं आलं, आणि नुसतीच मागची साथ वाजत राहिली. श्रीपतने आवाज वाढवला. साथच मोठी झाली. त्याने मायकची पिन दाबली, वायर काढली, पुन्हा लावली, पुन्हा पहिल्यापासून. दुसरं कडवं, तिसरं. तिसऱ्यात बाजा मध्येच थांबला, चार मात्रा, आणि पुढे निघाला.

तेव्हा त्याला जगदीशचं बोलणं समजलं. कंप्युटरने पट्ट्यांवर पडलेली बोटं तेवढी टिपली होती. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ. आवाज त्या वायरीत शिरलाच नव्हता.

"वायर सैल असेल," तो म्हणाला. "बघतो मी." बावीस वर्षं तो लोकांना हेच सांगत आला होता.

बेबीने पाटी ओढली आणि खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं, 'टेप म्हटलं होतं.' भावना पाणी घेऊन आत आली, तशी तिने ते तळहाताने पुसून टाकलं. श्रीपतला वाटलं, हिने आता शिव्या द्याव्यात, भंडाऱ्याच्या खास ठेवणीतल्या, सगळ्या आळीला ऐकू जातील अशा. पण शिव्या द्यायलासुद्धा आवाज लागतो.

पुन्हा तिने पाळण्याचं नाव काढलं नाही. पुढच्या चौदा एप्रिलला दोघंही गेली नाहीत. सिंथेसायझर विकत न्यायला एक ऑर्केस्ट्रावाला आला, तर श्रीपतने त्याला दारातूनच परत पाठवलं.

भावना क्लासला आणि बेबी ड्रेसिंगला गेली की तो दार लावून घेतो. फाईल सुरू करतो. पहिली दोन कडवी मान खाली घालून बसतो, तिसरं आलं की कान स्पीकरला लावतो. बाजा थांबतो. चार मात्रा काही म्हणजे काही वाजत नाही. ती खोकलेली जागा.

बेबीच्या गाण्यातलं त्याच्याकडे एवढंच उरलं आहे. ते संपलं की तो पुन्हा पहिल्यापासून लावतो.